एकेचाळीस रेघा

शनिवारी सकाळी सहा वाजता प्रीतमने साइट ऑफिसच्या प्रिंटरमधून कागद ओढला आणि शत्रुघ्न मांडवकराच्या हातात दिला. कागदावर अक्षर म्हणून एकही नव्हतं. नुसते चौकोन, ओळीमागून ओळ. मधूनच एखादी वेलांटी दिसे, तीही कुणाच्या डोक्यावर नाही, एकटीच लोंबकळत असलेली.

हा कागद रोजचा होता. कुवेतमधल्या रिफायनरीच्या दुरुस्तीसाठी जागोजाग पाइपांच्या परांच्या बांधलेल्या असत. त्यांतल्या कुठल्या परांचीवर आज चढायचं, कुठलीवर नाही, कुठली उतरवायची, हे त्या कागदावर मराठीत छापलेलं असे. शत्रुघ्नच्या हाताखाली चौदा माणसं, सगळी रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची. इंग्रजीचा कागद त्यांच्यापुढे धरला तर ती मान हलवायची आणि मनाला येईल तिथे चढायची. मराठी कागद आल्यापासून दोन वर्षांत एकही माणूस चुकीच्या परांचीवर गेला नव्हता.

राजनने मानेवरून डोकावून पाहिलं. राजन मालवणचा. त्याची जीभ त्याच्या हातापेक्षा जलद चालायची.

"काका, वाचा बघू मोठ्याने. काय लिवलंय ह्या खिडक्यांत?"

दोघंचौघं हसले. शत्रुघ्न हसला नाही. त्याने कागदाची चौघडी करून खिशात घातली आणि कामं तोंडाने सांगितली, जशी तो पूर्वी सांगायचा. दहा वाजता खाली उभं राहून पाहतो तर सतरा नंबरच्या परांचीवर एक माणूस चढलेला. सतरा बंद होती, तिचे दोन क्लॅम्प सैल होते. त्याला हाक मारून खाली घेतलं. झालं काही नाही. पण त्या माणसाचं म्हणणं, काका, तुम्ही सत्तर म्हणालात असं वाटलं. सत्तर नंबरची परांची साइटवर नव्हतीच. हे ऐकून शत्रुघ्न पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाऊन बसला आणि घडी केलेला तो कागद पुन्हा उघडून पाहत राहिला.

तो त्रेपन्न वर्षांचा होईपर्यंत त्याला सगळे कागद असेच दिसत आले होते.

प्रीतम नाशिकचा, तरुण इंजिनिअर, नवीन काही दिसलं की हात लावल्याशिवाय राहवत नसे. चूक त्याने स्वतःच कबूल केली. मराठी कागद ज्या प्रोग्रामात टाइप व्हायचा त्याचं नाव ऑटर. खरं तर ते प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं साधन. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेलं, कुणीही घ्यावं, कुणीही भर घालावी असं. त्याच्या नव्या आवृत्तीची चाचणीची प्रत आली होती, ती त्याने हौसेने घातली. संध्याकाळपर्यंत त्याने जुनी परत बसवली आणि अक्षरं आली. मग जाता जाता म्हणाला, "पण काका, एक मेला नवी आवृत्ती पक्की होणार. मग जुनीला कुणी विचारणार नाही. जूनमध्ये आपल्याकडे नवीन मशीन येतायत, त्यांत नवीच असेल."

शत्रुघ्नने विचारलं, हे बाईंना माहीत आहे का.

बाई म्हणजे पद्मजा. पुण्याची, नवरा प्रसाद पेट्रोकेमिकलमध्ये, घर कुवेतच्या मंगफ भागात. दर शुक्रवारी जेवणं उरकली की तिच्या बैठकीच्या खोलीत कोकणातली सातआठ माणसं सतरंजीवर बसून अक्षरं गिरवायची. शत्रुघ्न तिथेच शिकला. 'क'चं पोट त्याला सहा महिने जमलं नव्हतं. पद्मजा लग्नाआधी प्रोग्राम लिहायची नोकरी करायची. कुवेतला डिपेंडंट व्हिसावर आल्यावर नोकरी गेली, सवय राहिली. तिने ऑटरसाठी 'बाराखडी' नावाचं प्लगइन लिहिलं होतं. त्याच्यामुळे ऑटरमध्ये मराठी टाइप होत असे आणि मराठी दिसत असे. रत्नागिरीतल्या एका शाळेपासून न्यू जर्सीतल्या मंडळापर्यंत लोक ते वापरायचे आणि अधूनमधून तिला पत्रं लिहायचे.

शुक्रवारी शत्रुघ्न वर्गाच्या तासभर आधीच गेला. तो चौकोनांचा कागद त्याने टीपॉयवर पसरला.

पद्मजाने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला सगळं ठाऊक होतं. तिने त्याला समजावून सांगितलं, आणि त्याला समजेल अशाच भाषेत सांगितलं. ऑटर म्हणजे पाइपांचा सांगाडा. प्लगइन म्हणजे लोकांनी आपापल्या सोयीने त्यावर टाकलेल्या फळ्या. सांगाड्याला फळी जिथे पकडते तो क्लॅम्प. नव्या आवृत्तीत सांगाडा तोच ठेवलाय, क्लॅम्प मात्र बदललेत. जुन्या क्लॅम्पवरची फळी नव्यात बसत नाही.

"मग फळी तासा थोडी," शत्रुघ्न म्हणाला.

"तासून पाहिली, काका. माझ्या फळीला तीन क्लॅम्प लागतात. एक, बटण दाबलं की अक्षर कागदावर पडायच्या आत मला कळायला हवं, म्हणजे क आणि ष जोडून क्ष करता येतो. दुसरा, ओळ दिसायच्या आत. तिसरा, फाइल ठेवायच्या आत. नव्यात हे तिन्ही काढलेत. अक्षर पडून गेल्यावर कळतं. पडलेलं अक्षर मी कसं जोडू?"

तिने तिकडच्या मुख्य माणसाला लिहिलं होतं. ऑटर त्यानेच सुरू केलं होतं, आणि काय आत घ्यायचं काय बाहेर टाकायचं हे तोच ठरवत असे. तो युरोपात कुठेतरी राहायचा. त्याचं उत्तर दोन ओळींचं आलं. तुमचा वापर विरळा आहे. एक मेपर्यंत प्लगइन नव्या पद्धतीने लिहा, नाहीतर ते यादीतून निघेल.

प्रसाद सोफ्यावर पेपर वाचत होता. तो वाईट माणूस नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच, की चार वर्षं हिने फुकट राबून लोकांना दिलं, त्या लोकांना किंमत नसेल तर हिने जिवाला का लावून घ्यावं. सोडून दे. सोडून द्यायच्या बेतात पद्मजा आलीच होती, हे शत्रुघ्नला तिच्या हातांवरून कळलं. ती कागदाच्या कडेला घड्या घालत होती आणि परत सरळ करत होती.

"वर किती माणसं आहेत?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"त्या फोरमनने क्लॅम्प काढायला घेतले. तुम्ही वर आहात, ते त्याला माहीत आहे. तुमच्यासारखे आणखी किती वर आहेत? त्याने मोजलेत?"

पद्मजाने मान हलवली. यादीत त्रेसष्ट प्लगइन होती. त्यांतली कुठली कुठल्या क्लॅम्पवर उभी आहेत, हे कुणी पाहिलेलं नव्हतं. बदलाची सूचना फक्त मुख्य मंडळींच्या पत्रव्यवहारात टाकली होती, आणि बहुतेक प्लगइनवाले तिथे नसतच.

शत्रुघ्नने चहाचा कप खाली ठेवला आणि त्र्याण्णव सालची गोष्ट सांगितली. ती त्याने आजवर फारशी कुणाला सांगितली नव्हती.

आखाती युद्धानंतरची दुरुस्ती चालली होती. एका उंच टाकीभोवती त्याने परांची बांधली होती. तेव्हा त्याला अक्षर येत नव्हतं, त्याच्या माणसांनाही नाही. म्हणून त्याने स्वतःची एक पद्धत काढली होती. परांचीच्या पायथ्याशी जो टॅग लटकवलेला असतो त्याच्या मागच्या बाजूला, वर जाणाऱ्या प्रत्येकाने एक उभी रेघ मारायची. उतरला की आपली रेघ आपणच आडवी खोडायची. पेंटर असो, वेल्डर असो, कुठल्याही कंपनीचा असो. आणि दुसऱ्याची रेघ कुणी खोडायची नाही. त्या दिवशी दुपारी मुदीर, म्हणजे कंपनीचा अरब साहेब, म्हणाला, परांची उतरव. शत्रुघ्नने टॅग उलटून पाहिला. बावीस रेघा होत्या, एकवीस खोडलेल्या. मुदीर म्हणाला, कुणीतरी खोडायला विसरला असेल, मीच खोडतो, आणि त्याने पेन काढलं. शत्रुघ्नने टॅग तोडून स्वतःच्या बंडीत घातला आणि पायथ्याच्या पाइपला पाठ लावून खाली बसला. परत पाठवीन म्हणाला मुदीर. पासपोर्ट त्याच्याकडेच होता. शत्रुघ्न बसून राहिला. तासाभराने टाकीच्या आतून टाक्या-पाइपांना आवरण गुंडाळणारा केरळचा एक लॅगिंगवाला बाहेर आला. गारव्याला झोप लागली होती त्याला. वरून खाली पाहिलं तर सगळे त्याच्याकडेच तोंड वर करून उभे.

"मला वाचता येत नव्हतं," शत्रुघ्न म्हणाला. "पण एक रेघ उभी आहे, एवढं दिसत होतं. ह्या तुमच्या फोरमनला वाचता येतं. त्याला रेघा दाखवा."

पद्मजाने आत जाऊन कॅलेंडरचा मोठा कागद आणला, उलटा केला आणि भिंतीला चिकटवला.

त्यानंतरचे दोन आठवडे तिने दुसरं काही केलं नाही. त्रेसष्ट प्लगइनांच्या आतला मजकूर एकेक करून वाचला. कुवेतमध्येच हवल्लीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारा हैदराबादचा हुसेन तिच्या मदतीला आला. उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या उर्दू-अरबीसाठी त्याने असंच एक प्लगइन लिहिलं होतं, आणि बदलाची बातमी त्याला पद्मजाच्या पत्रातून पहिल्यांदा कळली. तो फोनवर हिंदीत एवढंच म्हणाला, "बहनजी, मेरे घर की सीढ़ी निकाल रहे हैं और मुझसे पूछा तक नहीं." दोघांनी मिळून प्रत्येक प्लगइनवाल्याचा पत्ता हुडकला आणि प्रत्येकाला एकच पत्र पाठवलं. तुमचं प्लगइन ह्या ह्या जुन्या क्लॅम्पवर उभं आहे. एक मेला ते निघणार आहेत. तुम्ही वर आहात का?

उत्तरं येत गेली तशी शत्रुघ्न शुक्रवारी येऊन भिंतीवरच्या कागदावर रेघा मारायचा. हे काम त्याने कुणाला करू दिलं नाही. ब्राझीलमधला एक मास्तर, जपानमधला एक छापखानेवाला, इराणमधली एक विद्यार्थिनी, थायलंडमधला एक डॉक्टर. बरेचसे असे, की ज्यांची लिपी एका बटणाला एक अक्षर अशी सरळ चालत नाही. काहींनी प्लगइन वर्षापूर्वी लिहून सोडून दिलेलं, पण वापरणारी माणसं मागे होती. एका पत्त्यावरून काहीच उत्तर आलं नाही. ते प्लगइन ब्रह्मदेशातल्या कुठल्या तरी भाषेचं होतं. त्याचीही रेघ शत्रुघ्नने मारली.

चाळीस प्लगइन त्याच तीन क्लॅम्पांवर उभी होती.

पद्मजा आणि हुसेनने नुसतं ओरडायचं नाही असं ठरवलं होतं. त्यांनी एक जोडपट्टी लिहिली. खालून ती नव्या क्लॅम्पला धरायची आणि वरून जुन्या तिन्ही क्लॅम्पसारखी दिसायची, म्हणजे जुन्या फळ्या जशाच्या तशा बसाव्यात. तिला सांगाड्यातच हात घालावा लागत होता, त्यामुळे मुख्य माणसाने घेतल्याशिवाय ती बसणार नव्हती. सोबत नियम लिहिले: जुना क्लॅम्प वापरला की सूचना दिसेल, नव्याकडे जायची वाट लिहिलेली असेल, आणि ज्याने त्याने आपलं प्लगइन नव्यावर नेलं की आपली रेघ स्वतः खोडावी. सगळ्या रेघा खोडल्या की जोडपट्टी काढा. हे सगळं पद्मजाने बावीस एप्रिलला मुख्य मंडळींच्या पत्रव्यवहारात टाकलं, खाली रेघांची यादी लावून. टाकायच्या आधी तिने यादी शत्रुघ्नला वाचून दाखवली.

तो म्हणाला, "एक राहिली."

"कोणाची?"

"माझी. मी काय हवेत उभा आहे?"

तिने हसून एकेचाळिसावी रेघ घातली.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं आणि ते लांबलचक होतं. मुख्य माणसाचं म्हणणं असं, की जुना कचरा तो वाहणार नाही. साधन पुढे न्यायचं तर काही मोडावंच लागतं. बहुतेक प्लगइन मेल्यातच जमा आहेत, वर कुणीही उभं नाही, ही सगळी भावनेची भाषा आहे. शिवाय जुन्या क्लॅम्पवरची प्लगइन चाळीसच आहेत, यादीत एकेचाळीस कशी? ज्यांना मोजता येत नाही त्यांनी त्याला शिकवू नये.

पद्मजाने हे फोनवर वाचून दाखवलं तेव्हा शत्रुघ्न अम्गराच्या भंगारयार्डात जुने क्लॅम्प निवडत होता. त्याने शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाला, सगळ्यांना सांगा, येत्या शुक्रवारी. दुपारी तीनला, आपल्या घड्याळात. ज्याने त्याने एकच ओळ लिहायची, आपापल्या भाषेत. जास्त काही नको. मी वर आहे.

एकोणतीस एप्रिलच्या शुक्रवारी वर्ग भरला नाही. म्हणजे माणसं आली, राजनही आला, पण पाट्या कुणी काढल्या नाहीत. सगळे पद्मजाच्या कॉम्प्युटरमागे दाटीवाटीने उभे राहिले. तीनला पाच कमी असताना पद्मजा खुर्चीवरून उठली आणि शत्रुघ्नला बसवलं. इंग्रजीत करून देऊ का, असं तिने विचारलं. तो म्हणाला, "नको. माझी रेघ मीच मारणार."

त्याचं टाइप करणं पाइपला क्लॅम्प आवळल्यासारखं होतं, एकेक बटण पूर्ण जोर लावून. 'शत्रु'तला त्र जुळेपर्यंत राजनने दोनदा सुस्कारा सोडला. त्याने लिहिलं:

"मी शत्रुघ्न बाळकृष्ण मांडवकर. एकेचाळिसावा मी आहे. माझं प्लगइन नाही, मी त्यावर उभा आहे. माझ्याबरोबर चौदा माणसं आहेत. मी वर आहे. फळी काढू नका."

आणि पाठवून दिलं.

मग इतरांची येऊ लागली. उर्दू, फारसी, थाई, जपानी. कुणी एक ओळ, कुणी फक्त नाव. हुसेनची दुकानातून आली. खोलीतल्या एकालाही ती पत्रं वाचता येत नव्हती, पण प्रत्येकाच्या आत काय आहे हे सगळ्यांना माहीत होतं. राजन मोजत होता, मोठ्याने. शत्रुघ्नची सोडून एकोणचाळीस झाली. ब्रह्मदेशातल्याचं आलं नाही.

मुख्य माणूस आपली सगळी पत्रं ऑटरमध्येच वाचतो, आणि तीही नव्या आवृत्तीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो अभिमानाने तसं सांगायचा. पाऊण तासाने त्याचं उत्तर आलं. ते चिडून लिहिलेलं होतं. तुम्ही लोक काय पाठवताय? मला सगळीकडे नुसते चौकोन दिसतायत.

पद्मजा मोठ्याने हसली. त्या महिन्यात ती पहिल्यांदाच अशी हसत होती. प्रसादनेही पेपर बाजूला ठेवला. तिने शत्रुघ्नच्या खांद्यावरून वाकून एकच ओळ टाइप केली: "तेच आम्ही महिनाभर सांगतोय. नव्या आवृत्तीत आम्हालाही तेच दिसतं."

दोन दिवस मुख्य माणसाने मिठाची गुळणी धरली. एक मे आला आणि गेला, नवी आवृत्ती निघाली नाही. तीन मेला त्याने जोडपट्टी आत घेतली. माफीबिफी काही नव्हती. त्याने एवढंच लिहिलं होतं, की ही पट्टी सांभाळायची जबाबदारी ज्यांनी आणली त्यांची, आणि पुढे एखादा क्लॅम्प काढण्यापूर्वी रेघांची यादी लावली जाईल. जूनमध्ये साइट ऑफिसला नवीन मशीन आली. पहिल्या सकाळी प्रीतमने कागद काढला, तो राजनने त्याच्या हातातून घेतला आणि सगळ्यांना उभं करून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला, न विचारता. सतरा नंबर उघडी होती.

पुढची दोन वर्षं रेघा खोडल्या जात राहिल्या. नव्या क्लॅम्पांत 'अक्षर पडायच्या आत' असा एक क्लॅम्प मुख्य माणसाने स्वतःच घातला, त्यामुळे लोकांना नव्यावर येता आलं. ब्राझीलच्या मास्तराने खोडली, इराणच्या मुलीने खोडली, हुसेनने खोडली. पद्मजाने स्वतःची दोन हजार सातच्या मार्चमध्ये खोडली. त्याच शुक्रवारी मुख्य माणसाचं पत्र आलं. ह्या वेळी भाषा सरळ होती. दोन रेघा उरल्यात. एक ब्रह्मदेशाची, त्या माणसाने दोन वर्षांत उत्तर दिलेलं नाही. दुसरी एकेचाळिसावी. ते गृहस्थ वापरतात ते प्लगइन तर आता नव्यावर आलंय. मी दोन्ही खोडून पट्टी काढू का?

पद्मजाने शत्रुघ्नला विचारलं, "काका, बाराखडी नव्यावर गेली. तुम्ही खाली उतरलात. तुमची रेघ का राहिलीय?"

"तो एकटा वर कसा राहील?" शत्रुघ्न म्हणाला.

प्रसाद म्हणाला की तो माणूस कदाचित जिवंतही नसेल. शत्रुघ्नने हो म्हटलं, नसेल कदाचित. टाकीतला तो केरळवालाही कदाचित नव्हताच, तासभर. मग त्याने खुर्ची ओढली. आता 'त्र' एका दमात जुळायचा. त्याने लिहिलं, की ज्याची रेघ त्याने खोडायची, ती मुदीराने खोडायची नाही. पट्टीचं काम करायला हुसेनभाई आहेत, हात कमी पडले तर बाई आहेत. आणि माझी रेघ मी खोडणार नाही.

ह्या वेळी मुख्य माणसाला चौकोन दिसले नाहीत. अक्षरं दिसली, पण त्यांचा अर्थ विचारायला त्याला कुणीतरी मराठी माणूस शोधावा लागला. आठवड्याने त्याचं उत्तर आलं: पट्टी राहील.

शत्रुघ्नने ते वाचलं आणि भिंतीवरच्या पिवळ्या पडलेल्या कागदाचा निघालेला कोपरा अंगठ्याने परत चिकटवला. मग वर्गाकडे वळून म्हणाला, "राजन, पाटी काढ. मागच्या शुक्रवारचा 'ज्ञ' तुझा अजून आडवा पडतोय."